सव्वा सेंटिमीटर

“कंपनीनं एकशे पासष्टचा दिलाय, एकशे पासष्टचाच घाला,” नासीरभाई म्हणाला. “वीस वर्षं टायर विकतोय काका, ऐका माझं.”

“आणि एकशे पंचाहत्तरचा घातला तर?” अण्णांनी विचारलं.

“कशाला पण?”

“कशाला ते माझं मी बघतो. बसेल का, एवढं सांग.”

नासीरभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. अण्णांच्या कुठल्याही खरेदीत मी कॅलेंडरकडेच पाहतो. दुकानदाराच्या बाजूनं बोललं तर घरी ऐकून घ्यावं लागतं आणि अण्णांच्या बाजूनं बोललं तर दुकानात.

अण्णा म्हणजे माझे वडील, ज्ञानदेव शेवाळे. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. चौतीस वर्षं जिल्ह्यातल्या भावाभावांच्या बांधावर उभं राहून त्यांनी कुणाचं किती ते मोजून दिलं, आणि निवृत्त झाल्यावर टेप घेऊन घरी आले. तो टेप त्या दिवशीही शर्टाच्या खिशात होता. त्यांनी तो काढला आणि आमच्या गाडीच्या जुन्या टायरला लावला, मग नासीरभाईच्या मोठ्या टायरला लावला.

“जुना झिजून एकसष्ट झालाय. हा साडेत्रेसष्ट,” ते म्हणाले. “फरक अडीच. गाडी उचलणार त्याच्या निम्मी. सव्वा सेंटिमीटर.”

“सव्वा सेंटिमीटरनं काय होतंय काका? ॲव्हरेज पडेल, स्टेअरिंग थोडं जड लागेल. आणि मीटर कमी दाखवेल. चाक मोठं झालं की फेरे कमी होतात.”

“किती कमी?”

नासीरभाईला ते ठाऊक नव्हतं. अण्णांनी टायरवरच्या कागदी लेबलवर हिशेब मांडला. “गाव छत्तीस किलोमीटर आहे. मीटरवर साडेचौतीस दिसेल.” त्यांनी पेन खिशाला लावलं. “म्हणजे गाव दीड किलोमीटरनं जवळ आलं. वाईट काय आहे त्यात?”

“कंपनीवाल्यांनी विचार करूनच साईज ठरवलेला असतो हो.”

“कंपनीवाल्यांनी चिंचणगाव बघितलेलं नाही.”

नासीरभाई उठला. त्यानं एक चाक चढवून पाहिलं, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटं घातली आणि नाइलाजानं म्हणाला, “बसतोय.”

आता चिंचणगावात असं काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर आमच्या घरात सगळेच टायरचे शौकीन होते असा गैरसमज व्हायचा.

चिंचणगाव आमचं मूळ गाव. तिथं अण्णांचे थोरले भाऊ, महिपती आबा, शेती बघत राहायचे. आम्ही सांगलीला. दर अमावस्येला भैरोबाला नारळ फोडायला आम्ही गावी जायचो आणि देवळाचा रस्ता आबांच्या दारावरून जातो. त्यांच्या दारासमोर एक स्पीड ब्रेकर आहे. रस्त्याचं डांबरीकरण झालं तेव्हा आबांनी कामगारांना मटण-भाकरी खाऊ घालून तो करून घेतला, कारण एका मोटारसायकलवाल्यानं त्यांचं वासरू उडवलं होतं. जेवण चांगलं झालं असावं, कारण ब्रेकर भलताच उंच झाला. त्यावरून जीप जायची, ट्रॅक्टर जायचा, उसाची ट्रॉली जायची. घासायची ती फक्त आमची पांढरी गाडी.

“हा माझ्यासाठी घातलाय,” अण्णा म्हणायचे.

“वासरासाठी घातलाय,” आई म्हणायची.

“वासरू निमित्त आहे.”

अण्णांना असं वाटायचं, कारण दोघा भावांचं बोलणं बंद होतं. माझ्या बहिणीच्या, छायाच्या लग्नात आबांना फेटा बांधायचा राहिला. आमच्याकडे फेटा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मांडवात मुलाकडच्या पंचवीस जणांना फेटे बांधले, मामांना बांधले, गावच्या पोलीस पाटलाला बांधला आणि नवरदेवाच्या गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा बांधला. सख्खा थोरला चुलता मात्र अक्षता पडेपर्यंत गांधी टोपीवर उभा होता. फोटोत ते दिसतं. ड्रायव्हर आणि आबा शेजारी शेजारी आहेत आणि ड्रायव्हरच जास्त चुलत्यासारखा दिसतो.

आबा न जेवता निघून गेले. अण्णा समजूत काढायला गेले नाहीत. “घरच्या माणसाला कसला आलाय मान?” हे त्यांचं म्हणणं. आबांचं काय म्हणणं होतं ते कुणालाच कळलं नाही, कारण त्या दिवसापासून ते अण्णांशी बोललेच नाहीत. याला अकरा वर्षं झाली.

अगदीच बोलले नाहीत असं म्हणता येणार नाही. दर अमावस्येला आमची गाडी ब्रेकरवर चढायची, खालून खर्रर्र आवाज यायचा आणि आबा ओट्यावरून उठून अंगणात यायचे. आमच्याकडे बघायचे नाहीत. दारातल्या म्हशीकडे बघून म्हणायचे, “घासली वाटतं.”

अण्णा काच खाली करायचे आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणायचे, “घासू दे.”

एवढं झालं की गाडी पुढं निघायची. आई दर वेळी माझ्याकडे बोट करून म्हणायची, “मी आणि धैर्या अलीकडे उतरतो, चालत येतो. वजन कमी झालं की घासणार नाही.” अण्णा म्हणायचे, “बसून राहा.”

पण माघी अमावस्येला चेंबरच फुटलं. आबांच्या दारापासून देवळापर्यंत रस्त्यावर इंजिन ऑइलची काळी रेघ उठली, गाडी टोचन करून आणावी लागली आणि आई तीन तास उन्हात देवळाच्या पायरीवर बसली. मेकॅनिक म्हणाला, पुन्हा असं झालं तर इंजिन जाम होईल. अण्णांना इंजिनाचं काही वाटलं नाही. त्यांना लागून राहिली ती रेघ. “त्याच्या दारातनं माझी फजिती सुरू होते आणि देवापर्यंत जाते,” ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी एकच धरलं, की पुढच्या अमावस्येला गाडी आबांच्या दारातून आवाज न करता गेली पाहिजे. म्हणून नासीरभाई, म्हणून टेप आणि म्हणून सव्वा सेंटिमीटर.

फाल्गुनी अमावस्येला सकाळी अण्णांनी चारी टायरना हळदकुंकू लावलं आणि प्रत्येकाखाली एक लिंबू ठेवलं.

“टायरची कसली पूजा?” आई म्हणाली. “चप्पल आणली की तिचीही करता का?”

“चपलेनं माणूस उंच होत नाही.”

“टाचेची घेतली तर होतो की.”

लिंबं चिरडून आम्ही निघालो. मी पुढं अण्णांशेजारी, आई मागं. वाटेत अण्णा दर पाच मिनिटांनी किलोमीटरचे दगड आणि मीटर ताडून बघत होते आणि हिशेब जमतोय म्हणून खुशीत होते. साडेनऊच्या सुमाराला आबांचं घर दिसलं. अण्णांनी काच खाली केली, पहिला गिअर टाकला आणि गाडी ब्रेकरवर घातली.

पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. आवाज म्हणून नाही.

“गेली बाई एकदाची,” आई म्हणाली.

अण्णांनी मला गुडघ्यावर थाप मारली. अशी थाप त्यांनी मला दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच मारली होती. मी मागं वळून पाहिलं. आबा ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले होते, ते उठले नाहीत. म्हशीनं तेवढी मान वर केली.

देवळात अण्णांचा नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्याही नाही.

“बघितलं का रे त्यानं?” त्यांनी मला विचारलं.

“ओट्यावर होते.”

“तोंड कुठं होतं?”

“रस्त्याकडेच.”

“मग उठला का नाही?”

“गाडी घासलीच नाही. उठून काय करतील?”

“काही म्हणाला?”

“काय म्हणणार अण्णा? घासली नाही वाटतं, असं म्हशीला सांगणार?”

आई हसली. अण्णा हसले नाहीत. नारळ तिसऱ्या फटक्यात फुटला, तोही वेडावाकडा. एरवी देवळात ते पुजाऱ्याशी अर्धा तास पाऊसपाणी बोलत बसतात. त्या दिवशी प्रसाद हातात घेतला आणि चला म्हणाले.

परत येताना गाडी पुन्हा ब्रेकरवरून निमूट गेली. आबा ओट्यावर तसेच. अण्णांनी पाच-सहा पावलांवर गाडी थांबवली, रिव्हर्स टाकला आणि ब्रेकरवरून मागं घेतली. मग पुढं, मग परत मागं.

“अहो, काय चाललंय?” आई म्हणाली.

“ट्रायल घेतोय.”

“झाली की सकाळी.”

“सकाळी एकच बाजू झाली.”

चौथ्या फेरीला काकी पदराला हात पुसत अंगणातून रस्त्यावर आल्या. काकी म्हणजे आबांच्या बायको. भावांचं बोलणं बंद असलं तरी त्यांचं आमच्याशी कधी बंद नव्हतं. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“अगं बाई, भावजी! तुम्ही कधी आलासा?”

“सकाळीच. देवाला जाऊन आलो.”

“आणि हे बसल्यात तिकडं जीवाला घोर लावून!” काकींनी ओट्याकडे बघून आवाज उतरवला. “सकाळधरनं म्हणत्यात, अमावस्या हाय, ज्ञाना आला न्हाई. चहासुद्धा घेतला न्हाई. तुमची गाडी घासली की उठत्यात आणि मग चहा मागत्यात, किती वर्सं झाली. आज दोनदा म्हणाले, सांगलीला फोन लाव, कुणाचं काय बरंवाईट झालं असंल.”

“रस्ता समोर आहे. दिसलो नाही आम्ही?” अण्णा म्हणाले.

“कुठलं दिसतंय! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. संक्रांतीपासनं माणूस वळखत न्हाईत. ऑप्रेशन नको म्हणत्यात आणि कुणाला सांगू नको म्हणत्यात. रस्त्यानं गाड्या धा जात्यात. घासणारी तेवढी तुमची, म्हणून कळतंय.”

अण्णांनी हँडब्रेक ओढला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकात धरला आणि पुसायचा विसरले. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. टायर घेतले तेव्हा मी नुसता कॅलेंडरकडे बघत उभा होतो.

“उतरा आणि जाऊन बोला,” आई म्हणाली.

“तो बोलल्याशिवाय?”

“अहो, त्यांना दिसत नाही!”

“ऐकू येतंय ना?” अण्णांनी चष्मा चढवला. अकरा वर्षांची सवय अशी अंगणभर अंतरात सुटत नाही, ते मलाही कळत होतं. मग ते म्हणाले, “वहिनी, गाडीत बसा.”

“मी? कुठं जायचंय?”

“कुठं नाही. वजनाला.”

काकी मागं आईशेजारी बसल्या. अण्णांनी गाडी मागं घेऊन पुन्हा ब्रेकरवर घातली. काही नाही.

“धैर्या, वहिनींच्या गोठ्यात पेंडीची पोती असतील. दोन आण.”

मी पेंडीची दोन पोती एकेक करून पाठीवरून आणली आणि डिकीत टाकली. तेव्हा मी एका पतसंस्थेत शाखाधिकारी होतो आणि अंगात पांढरा शर्ट होता, पण ते विचारायला कुणाला वेळ नव्हता. गाडी मागून चांगली बसली. पुन्हा ब्रेकर. खाली कुठंतरी नुसता वारा गेल्यासारखं वाटलं.

“चांगले टायर दिलेत मेल्यानं,” अण्णा म्हणाले. नासीरभाईला मिळालेली ही पहिली पावती.

दारं आपटण्याचा आवाज एव्हाना ओट्यापर्यंत पोचला असावा. आबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, पायरी चाचपत ते अंगणात आले. आबा धिप्पाड माणूस, शंभर किलोच्या पुढचे. म्हैस कुठल्या बाजूला आहे याचा त्यांना अंदाज नव्हता, म्हणून ते नुसतेच समोर बघून म्हणाले, “कोण हाय? काय चाललंय दारात?”

आम्ही सगळे अण्णांकडे बघत राहिलो.

“मी हाय,” अण्णा म्हणाले. सांगलीत ते आयुष्यभर ‘आहे’ म्हणत आले होते.

आबा जागच्या जागी थांबले. “काय झालंय?”

“गाडी घासत न्हाई.”

दुसरा कुणी असता तर हसला असता, किंवा चिडला असता. आबांनी त्यावर नीट विचार केला.

“आत कोण कोण हाय?”

“वहिनी हाय, आमची ही हाय. धैर्या. डिकीत पेंडीची दोन पोती.”

“तरी न्हाई?”

“तरी न्हाई.”

“थांब,” आबा म्हणाले आणि कुंपणाला धरून रस्त्यावर आले. मी खाली उतरलो, त्यांचा हात धरला आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. गाडी डाव्या अंगाला खचली. मी मागं आईच्या आणि काकींच्या शेजारी अंग चोरून बसलो.

अण्णांनी गाडी पन्नासेक पावलं मागं घेतली आणि पहिल्या गिअरवर सोडली.

“छायाच्या लग्नात फेटा कमी पडला,” अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले.

“ठावं हाय मला.”

“मग?”

“मग काय? पडंना का कमी. माझाच का पडला?”

“तू घरचा म्हणून.”

“घरचा म्हणतोस, तर डोक्याला तरी तुझा गुंडाळायचा होतास. तू तर बांधून हिंडत हुतास.”

अण्णांना हे अकरा वर्षांत सुचलं नव्हतं. मी आरशात त्यांचा चेहरा बघत होतो. मुलीच्या बापाचा फेटा त्यांच्याच डोक्यावर होता आणि तो उतरवायला दोन मिनिटंही लागली नसती.

“चुकलं,” अण्णा म्हणाले. “आबा, चुकलं माझं.”

आबा काही म्हणायच्या आत पुढची चाकं ब्रेकरवर चढली, उतरली, आणि खालून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा आवाज आला. खर्रर्र. मी आयुष्यात कुठल्या गाडीचं नुकसान होताना एवढा सुखावलो नव्हतो.

“घासली वाटतं,” आबा म्हणाले. या वेळी त्यांनी तोंड अण्णांकडे वळवलं होतं.

“घासली,” अण्णा म्हणाले आणि त्यांना रडू आवरेना. आबांनी चाचपत हात पुढं केला, तो आधी गिअरवर पडला, मग अण्णांच्या मनगटावर.

खाली उतरल्यावर आबांनी पुढच्या टायरवरून तळहात फिरवला. कुंकू अजून टिकून होतं, ते हाताला लागलं.

“नवीन घातलंस?”

“व्हय. जरा मोठे. सव्वा सेंटिमीटरनं गाडी उचलली.”

“कशाला?”

चौतीस वर्षं मोजणी केलेल्या माणसानं खिशातला टेप चाचपला. “असंच,” ते म्हणाले.

आबांनी कुंकवाचा हात धोतराला पुसला आणि काकींना म्हणाले, “चहा टाक. सगळ्यास्नी टाक.”

पुढच्याच महिन्यात अण्णांनी आबांना त्याच गाडीतून सांगलीला आणलं आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली. त्यानंतर दर अमावस्येला आबा फेटा बांधून ब्रेकरच्या अलीकडे उभे राहायचे. फेटा अण्णांनीच नेऊन दिला होता. काकी मागं, पेंडीची दोन पोती डिकीत आणि आबा पुढं बसले की गाडी घासायची आणि मग आम्ही देवळात जायचो.

चार वर्षांनी ते टायर झिजले. आम्ही पुन्हा नासीरभाईकडे गेलो. तो अण्णांना बघून आधीच मोठा टायर काढायला लागला.

“तो नको,” अण्णा म्हणाले. “कंपनीचा दे.”

“का हो काका? गाडी घासेल की परत.”

मी कॅलेंडरकडे बघत होतो. अण्णांनी टेप खिशातून काढलासुद्धा नाही.

“घासू दे,” ते म्हणाले.